नववी-दहावीच्या मुलांना सामाजिक बदल शिकवण्यासाठी चरित्रांखेरीज काय वाचायला द्यावे?

प्रश्न : माध्यमिक शिक्षक, अमळनेर तालुका

मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला मराठी व इतिहास शिकवतो. आमच्याकडची बहुतेक मुले शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि सालदारांची (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांची) आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत पटावरच्या मुलांपैकी बरीच शेतातच असतात. माझी अडचण अशी आहे की, समाजसुधारणा हा विषय या मुलांना पाठ आहे, पण कळलेला नाही. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून तो त्यांनी इतक्या वेळा ऐकला आहे की, प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच उत्तर येते : अमुक महापुरुषाने समाजातील अनिष्ट रूढी बंद केल्या. ती रूढी कोणाच्या सोयीची होती, ती चालू राहावी असे कोणाला वाटत होते आणि ती खरोखर बंद झाली का, याच्याशी त्या उत्तराला काही देणेघेणे नसते.

मध्यंतरी बालविवाह या विषयावर एका मुलीने फार नेटका निबंध लिहिला. 'पूर्वीच्या काळी मुलींची लग्ने लहान वयात होत असत', असे त्यात वाक्य होते. तिच्याच बाकावर बसणारी मुलगी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) शाळेत आलेली नाही आणि ती का आली नाही, हे वर्गात सर्वांना ठाऊक आहे. निबंध लिहिणारीला या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असे वाटलेच नाही.

म्हणून यंदा आठवड्यातील दोन तासिका ललितेतर वाचनासाठी ठेवाव्यात, असा विचार आहे. शाळेच्या ग्रंथालयात चरित्रे पुष्कळ आहेत, परंतु ती बहुतांशी स्तुतिपर आहेत आणि मुले ती गोष्टीसारखी वाचून मोकळी होतात. या वयाच्या मुलांना कोणत्या प्रकारचा मजकूर द्यावा, तो किती लांबीचा असावा आणि कसा वाचून घ्यावा, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे. जातीचा विषय निघाला की वर्गाचे वातावरण एकदम आखडते. कारण पुस्तकातील सगळ्या बाजूंची मुले एकाच वर्गात बसलेली असतात. ते कसे हाताळावे, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका, जळगाव

सर, चरित्रांचे कपाट बंद करा असे मी म्हणणार नाही, पण चरित्राची एक मूळचीच अडचण आहे. नायक बरोबर होता आणि शेवटी जग त्याच्या बाजूला आले, हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. त्यामुळे विरोध करणारे सगळे मूर्ख नाहीतर दुष्ट वाटतात, आणि आपण त्या काळी असतो तर सुधारकाच्याच बाजूने उभे राहिलो असतो, असा सोयीस्कर समज मुलांच्या मनात घट्ट बसतो. त्या त्या काळी लिहिलेला निबंध, अर्ज, निवेदन, वर्तमानपत्राला पाठवलेले पत्र किंवा सभेचा ठराव वाचायला घेतला की हे घडत नाही, कारण पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ती अनिश्चितता बरोबर कळते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात मुक्ता साळवेच्या निबंधाने करावी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापून आला, तेव्हा ती जोतीराव व सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, साधारण चौदा वर्षांची मुलगी होती. म्हणजे आपल्या नववीतल्या मुलींच्याच वयाची. धर्मग्रंथ वाचण्याचा आम्हाला अधिकारच नसेल तर आमचा धर्म कोणता ते सांगा, असे ती थेट देवाला विचारते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांना थंडीवाऱ्यात काय सोसावे लागते ते सांगते, पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या अस्पृश्याची काय गत होई ते लिहिते आणि अखेरीस आपल्याच माणसांना शिकायला सांगते. निबंध लहान आहे. एका तासिकेला एका पानापेक्षा अधिक वाचू नये.

वाचून घेण्याची माझी पद्धत अशी होती. पहिल्यांदा मी स्वतः मोठ्याने वाचत असे, कारण एकोणिसाव्या शतकातील लांब वाक्ये डोळ्यांच्या आधी कानांना कळतात. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मुलांच्या हातात पेन्सिल असे. लेखिका स्वतः पाहिलेले सांगते तिथे समासात 'पा', ऐकलेले सांगते तिथे 'ऐ' आणि मागणी करते तिथे 'मा', एवढ्याच खुणा करायच्या. तालीमखान्याच्या वाक्यापाशी वर्ग हमखास अडत असे. पेशवाई १८१८ साली संपली, म्हणजे मुक्ताच्या जन्माच्या कितीतरी आधी. तेव्हा समासात 'ऐ' लिहिणे भाग होते. मग प्रश्न येई : ऐकलेले म्हणजे कमी खरे का? ज्यांना लिहायलाच बंदी होती त्यांच्याकडे ऐकलेल्याखेरीज दुसरा पुरावा कोठून असणार? हा प्रश्न मी कधी फळ्यावर लिहिला नाही. दरवर्षी कोणीतरी मूलच तो विचारत असे.

दुसरा मजकूर म्हणजे जोतीराव फुले यांनी १८८२ साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन. मूळ इंग्रजी असले तरी त्याचा मराठी अनुवाद मिळतो. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही त्यातील तक्रार आहे. आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. निवेदन वाचून झाल्यावर त्या मागणीचे पुढे काय झाले, याचा माग मुलांकडून काढून घ्यावा. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदा संस्थानात सर्वत्र सक्तीचे शिक्षण लागू केले. गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले, ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात कायदा केला. राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घातली आणि ती उलटून गेली. घटनादुरुस्ती झाली २००२ साली आणि शिक्षण हक्क कायदा प्रत्यक्ष अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. आपल्या भागातील मुलांना यात एक गोष्ट नकाशावर दाखवता येते : नवापूरची शीव ओलांडली की सोनगड, आणि सोनगड बडोदा संस्थानात होते. म्हणजे एका बाजूच्या गावात मुलाला शाळेत न पाठवणे कायद्याने गुन्हा आणि दुसऱ्या बाजूच्या ब्रिटिश खानदेशात तसा कायदाच नाही. एकाच बोलीच्या, एकाच पावसावर जगणाऱ्या गावांमध्ये हा फरक का पडला, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील कोणत्याही स्वाध्यायापेक्षा अधिक शिकवतो.

आता जातीविषयी. वाचन काळाने दूरच्या मजकुरापासून सुरू करावे आणि चर्चा मजकुराला धरून ठेवावी. 'तुमच्यात काय पद्धत आहे?' असा प्रश्न कोणत्याही मुलाला वर्गात विचारू नये. कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा प्रवक्ता करू नये. मुलाने आपणहून सांगितले तर ऐकून घ्यावे, त्यावर टाळ्याही नकोत आणि कीवही नको. एखाद्या वाक्याने कोणाला राग आला तर 'ते वाक्य पुन्हा वाच आणि राग नेमका कोणत्या शब्दाचा आला ते दाखव', एवढेच म्हणावे. मजकुराकडे परत गेले की आवाज बहुधा खाली येतो.

उत्तर : ग्रंथपाल, धुळे

बाईंनी सुचवलेले मजकूर उत्तम आहेत, परंतु ते पुण्याचे आहेत. सामाजिक बदल हा नेहमी दुसरीकडे घडतो आणि आपल्याकडे उशिरा पोहोचतो, अशी समजूत खानदेशातील मुलांची आधीच झालेली असते; तिला खतपाणी घालू नये.

फैजपूरचेच पाहा. डिसेंबर १९३६ मधील काँग्रेसचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, एवढे प्रत्येक मुलाला स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकामुळे माहीत असते. त्याच अधिवेशनात संमत झालेला शेतीविषयक कार्यक्रम मात्र फारसा कोणी वाचलेला नसतो. शेतसारा आणि खंड (कुळाने जमीनमालकाला द्यायचे भाडे) कमी करावा, कर्जाचा भार हलका करावा, वेठ आणि बेकायदा वसुली बंद करावी, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता असावी, अशा मागण्या त्यात आहेत. ठरावाची भाषा कोरडी असते आणि तोच तिचा गुण आहे. मुलांना एकेक मागणी सुटी करून तपासता येते. यातली कोणती मागणी पुरी झाली, कोणती अर्धवट राहिली, कोणती आज वेगळ्या नावाने पुन्हा केली जाते, असे कोष्टक करून घ्यावे.

या कोष्टकात एक जागा अशी आहे, जिथे घाई करू नये. कूळकायदा १९४८ सालचा. पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. ज्यांच्या आजोबांना अशी जमीन मिळाली ती मुले जुन्या सातबाऱ्याविषयी उत्साहाने बोलतील. सालदाराचा मुलगा त्या वेळी गप्प असेल, कारण कूळकायद्याने जमीन कुळाला दिली. जो कूळ म्हणून कागदावर नव्हता आणि वर्षाच्या बोलीवर राबत होता, त्याला या कायद्याने काही मिळाले नाही. फैजपूरच्या कार्यक्रमात खंडाचे कलम आणि मजुरीचे कलम ही दोन्ही आहेत. पहिल्याच्या मागे कायदा, नोंद आणि मालकी उभी राहिली; सालदाराचा करार मात्र आजही आखाजीला बहुधा तोंडीच ठरतो. ठराव एकच असून दोन कलमांचे नशीब वेगळे का झाले, असा प्रश्न विचारला, तर तो गप्प बसलेला मुलगा चर्चेत माहीतगार म्हणून येऊ शकतो. अर्थात त्याला नाव घेऊन उठवायचे नाही, हे बाईंचे पथ्य येथेही लागू आहे.

दुसरी सूचना जरा जोखमीची आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० साली निघाला. पिके, बाजार, रस्ते, जातीजमाती यांची माहिती त्यात भरपूर आहे. पण ती सरकारी नजरेने लिहिलेली आहे. भिल्लांविषयीचा मजकूर वाचताना हे फार जाणवते. आउट्रम या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८२५ साली उभारलेल्या आणि धरणगावला ठाणे असलेल्या भिल्ल पलटणीचे कौतुक भरपूर सापडते, पण बंड करणाऱ्यांचे म्हणणे काय होते, ते त्यांच्या शब्दांत सापडत नाही. हा उतारा एकटा कधीही देऊ नये. वर्गात भिल्ल मुले असतील तर मुळीच नाही. त्याच्या शेजारी शहाद्याच्या चळवळीविषयीचे लेखन ठेवावे. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा आदिवासींमधूनच आलेला नेता, १९७२ साली स्थापन झालेली श्रमिक संघटना, सालदारांच्या मजुरीचा आणि हातची गेलेली जमीन परत मिळवण्याचा लढा, आणि त्यानंतर १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा. दोन्ही मजकूर एकाच डोंगररांगेच्या पायथ्याचे आहेत आणि दोन्हींत माणसेही तीच आहेत. फक्त एका ठिकाणी ती वर्णनाचा विषय आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी बोलणारी. मुलांना हा फरक सांगावा लागत नाही, क्रियापदांखाली रेघा मारायला लावल्या की दिसतो.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस मुलांना घेऊन यावे, असेही सुचवतो. छापील पुस्तकामागे असा कागद असतो आणि तो कोणीतरी गावोगाव फिरून जमवलेला असतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे. आणि आपण अमळनेरचे आहात म्हणून आणखी एक गोष्ट. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये होते, तेव्हा ते वसतिगृहातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून लावत असत. गुरुजींची चरित्रे कपाटात आहेतच. त्यांतील ही एक कृती उचलावी आणि वर्गाच्या भिंतीवर मुलांनी लिहिलेले पान लागू द्यावे. रोज जमणार नाही, पंधरवड्याला जमेल.

उत्तर : आश्रमशाळेतील शिक्षक, धडगाव परिसर

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला, तरीही एक मतभेद नोंदवतो. १८५५ चे आणि १८८२ चे मराठी गद्य माझ्या वर्गात टिकणार नाही. माझी मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात. प्रमाण मराठी ही त्यांची शाळेतली भाषा. लांब वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत कर्ता हरवतो आणि मुले मजकुराऐवजी शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. दूरून सुरुवात करावी हे बाईंचे म्हणणे जातीच्या विषयापुरते मला पटते, परंतु आमच्याकडे जवळून सुरुवात केल्याखेरीज वाचन सुरूच होत नाही.

आम्ही जनगणनेच्या तक्त्याने सुरुवात केली. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत नंदुरबार जिल्हा राज्यात शेवटी आहे. हे वाचून मुलांना वाईट वाटले. मग मी त्यांना तक्त्याखालची व्याख्या वाचायला लावली. सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. त्यावर अर्धी तासिका गेली. सही करता येणारी आजी यात धरायची का? बाजाराचा सगळा हिशेब तोंडी करणारा, पण अक्षर न ओळखणारा मामा धरायचा का? पावरीत लिहिता आले तर चालेल का? ('कोणत्याही भाषेत' हे दोन शब्द एका मुलीने बोट ठेवून दाखवले.) आकडा हाही कोणीतरी ठरवलेल्या व्याख्येचा परिणाम असतो, हे त्यांना त्या दिवशी कळले. देशातील स्त्रियांची साक्षरता १९५१ साली ८.८६ टक्के होती आणि २०११ साली सुमारे ६५ टक्के झाली, ही ओळ नंतर त्यांनी वेगळ्याच लक्षाने वाचली.

दुसरे वाचन बातम्यांचे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. त्या दिवसाची बातमी आणि पुढच्या वर्षांत पत्रकार त्या गावात पुन्हा जाऊन आले तेव्हाच्या बातम्या शेजारी ठेवून वाचल्या. पहिल्या बातमीत बोलणारे कोण आहेत आणि नंतरच्या बातमीत कोण, याची यादी मुलांनी केली. बाकी मला फारसे बोलावे लागले नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलांनी स्वतः लिहून घेतलेला मजकूर. तळोद्याच्या बाजूला संत गुलाम महाराजांची चळवळ १९३० च्या दशकात पसरली. दारू सोडणे, स्वच्छ राहणे, एकत्र जमून आरती करणे, असे तिचे स्वरूप होते. तिच्या आठवणी आजही घराघरांत सांगितल्या जातात. शहादा भागातील आदिवासी स्त्रियांनी १९७० च्या दशकात दारूच्या अड्ड्यांविरुद्ध मोर्चे काढले, त्यांतील काही जणी आज आज्या आहेत. बदल म्हणजे वरून आलेला कायदा, ही समजूत अशा आठवणींपुढे टिकत नाही. मुलाखत पावरीत घ्यायची, मराठीत लिहायची आणि लिहिलेले ज्यांचे त्यांना परत वाचून दाखवायचे, असा नियम आम्ही ठेवला. एका आजोबांनी ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या उचलीचा आकडा 'सांगितला खरा, पण लिहू नका' म्हणून खोडायला लावला. मुलांना ते खटकले. खरी गोष्ट का खोडायची, असे ती विचारत होती. ती उचल देणारा मुकादम अजून गावात येतो, हे त्यांच्यातल्याच एकाने इतरांना समजावले. ललितेतर लेखनाची जबाबदारी काय असते, यावर मी निराळा पाठ घेतला नाही.

उत्तर : वकील, चोपडा

विवाहाच्या वयाचे कायदे क्रमाने वाचून घ्यावेत, असे सुचवतो; प्रत्येक कायद्यातील दोन-तीन कलमे पुरेत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले, आणि आजचा प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे. १८९१ च्या वेळी लोकमान्य टिळकांनी विरोध केला होता; परक्या सरकारने कायद्याने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, सुधारणा समाजातून व्हावी, असा त्यांचा मुद्दा होता. तो त्यांच्या बाजूने नीट मांडून दाखवा आणि त्याच्या समोर रखमाबाईंनी १८८५ साली 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'ला लिहिलेली पत्रे ठेवा. बालपणी लग्न झालेली स्त्री स्वतः बोलते तेव्हा वादाचे स्वरूप कसे पालटते, ते मुलांना दिसेल. शेवटी आजचा आकडा : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. म्हणजे 'पूर्वीच्या काळी' हे शब्द कोणत्या अर्थाने खरे, ते मुलांनीच ठरवावे.

मात्र हा विषय वर्गात काढण्यापूर्वी शिक्षकाची तयारी हवी. एखादी मुलगी तासानंतर येऊन 'माझे ठरले आहे' असे सांगू शकते. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे आणि गावात ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे आपल्याला पाठ असावे. लग्न झालेली मुलगी कायद्याच्या नजरेत गुन्हेगार नसते, आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ती ते लग्न रद्द करून मागू शकते. तिचा शिक्षणाचा हक्कही लग्नाने संपत नाही. आपण उल्लेख केलेल्या मुलीचे नाव पटावरून कमी झाले नसेल तर ते राहू द्यावे. झालेच असेल तर पुढे १७ नंबरचा अर्ज भरून ती खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावीला बसू शकते. तिच्या घरी जाताना एखाद्या शिक्षिकेला बरोबर घ्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : माध्यमिक शिक्षक, अमळनेर तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जवळून की दूरून, या वादात मला दोन्ही बाजू आपापल्या वर्गापुरत्या खऱ्या वाटतात. माझ्या वर्गात अहिराणी बोलणारी मुले अधिक आहेत आणि जुने मराठी गद्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवले तर कळेल असे वाटते. म्हणून नववीला मुक्ता साळवेच्या निबंधाने आणि दहावीला फैजपूरच्या कार्यक्रमाने सुरुवात करीन. समासातील तीन खुणा आणि लिहिलेले परत वाचून दाखवण्याचा नियम दोन्हीकडे ठेवीन. गॅझेटियर यंदा नको. त्यासाठी माझीच तयारी अपुरी आहे. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या शाळेतील बाईंशी बोललो आहे, आम्ही दोघे रविवारी जाणार आहोत.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. दहावीच्या वर्षी 'हे परीक्षेत येत नाही' अशी तक्रार पालकांकडून येईल, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. दोन तासिकांचे समर्थन कसे करावे?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका, जळगाव

सर, दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात इतिहासलेखन, उपयोजित इतिहास आणि प्रसारमाध्यमे हे घटक आहेतच. मुले ते सर्वांत कंटाळून पाठ करतात, कारण त्यांत उदाहरण हाताशी नसते. फैजपूरचा ठराव आणि मुलाखती याच घटकांखाली घ्याव्यात आणि टाचणवहीत तशी नोंद करावी. मुलांनी केलेले कोष्टक भाषेच्या अंतर्गत मूल्यमापनातही धरता येते. पालकांच्या पहिल्या सभेत भाषण करू नये. एका मुलाकडून ठरावातील कर्जाचे कलम वाचून घ्यावे आणि पालकांना त्यावर बोलू द्यावे. सभा दुपारची ठेवली तर वेचणीला गेलेल्या बाया येऊ शकणार नाहीत, तेवढे मात्र पाहावे.